एकोणिसाव्या खुणेवरचं थांबणं

अहो, जरा इकडे लक्ष द्या. मी बोलतेय, या टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपमधली एक फाइल. मला उघडलंत तर दोन ओळींत तोंड फिरवाल, ठाऊक आहे मला. माणसाला मी वाचता येत नाही आणि यंत्राला चालवता येत नाही. सी भाषेतल्या प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करताना कंपायलर वाटेत जो मधला कोड तयार करतो ना, तीच मी. आमची जात क्षणभर जगते आणि पुसली जाते. मी मात्र उरले, आणि उरले ती अशी की बोलायची सोय नाही.

माझी आई म्हणजे या घरातल्या दादाने लिहिलेला मूळ सी कोड. दादाच्या धाकट्या बहिणीच्या छातीचे स्नायू दुबळे होत गेले आणि आपला आपण श्वास घेणं तिला जमेना. तयार यंत्रं आणून पाहिली, पण एकाचंही तिच्या छातीशी जुळेना. शेवटी दादाने घरीच यंत्र बनवलं. खोक्यात एक पंप, पंपाला हुकूम सोडणारा एक बोर्ड, आणि त्या बोर्डात आमचा प्रोग्राम. चार वर्षं तो त्यातले आकडे बदलत होता.

आई कशी होती म्हणून सांगू! प्रत्येक गोष्टीला नाव, आणि नावाशेजारी दादाची टीप. माझ्या जन्माच्या वेळी कंपायलरने दारातच सगळ्या टिपा काढून घेतल्या, नावं पुसली आणि नुसते नंबर चिकटवले. तेव्हा मला काही वाटलं नाही. आई शेजारीच तर होती.

दादाची एक खोड होती, तो मला पुसायचा नाही. कंपायलरने आपल्या लिहिण्याचं काय केलं, ते माझ्यात डोकावून बघायचा. दुसरी खोड धाकटीला पाढे म्हणायला लावायची. ती खाटेवर, नाकाला नळी. हा स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. "म्हण एकोणतीसचा." ती म्हणायची, हा कान देऊन ऐकायचा आणि एखादा आकडा बदलायचा. "आता परत म्हण." मग दादाची बायको, म्हणजे वहिनी, आतून कडाडायची, "अरे, तिला श्वास घ्यायची मारामार आणि तू पाढे कसले म्हणून घेतोस? लाज कशी वाटत नाही!" हे दोघं बहीणभाऊ नुसते हसायचे.

एकदा लॅपटॉपची डिस्क भरली. दादाने आवराआवर करायला चार ओळींचा हुकूम लिहिला: एका नावाच्या फायलींतली सगळ्यात ताजी ठेव, बाकीच्या फेक. घाईत त्याच्या लक्षातच आलं नाही की आईचं नि माझं नाव एकच, आणि लेक आईपेक्षा नेहमी ताजीच असणार! एका फटक्यात आई गेली आणि मी राहिले. दुसरी प्रत ठेवा म्हणून ऑफिसात सगळ्यांचं डोकं खाणारा हा माणूस, पण घरच्या कामाची एक प्रत ठेवली असेल तर शपथ. त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "जाऊ दे. सगळं डोक्यात आहे. रविवारी बसून लिहून काढतो."

शुक्रवारी ऑफिसचा जिना चढताना तो कोसळला. हृदयाने दगा दिला. रविवारी घर माणसांनी भरलं होतं, आणि लॅपटॉप कोणी उघडला नाही.

पाच महिन्यांनी बोर्डाने मान टाकायला सुरुवात केली. आधी आठवड्यातून एकदा बंद पडायचा, मग एक दिवसाआड, मग रोज. यंत्राची धोक्याची शिट्टी वाजली की वहिनी धावायची, रबरी पिशवी नळीला जोडायची आणि हाताने दाबत बसायची. बोर्ड बंद करून चालू केला की पाच मिनिटांनी ताळ्यावर यायचा. कधी दहा मिनिटांनी.

दादाचा जुना दोस्त बोर्ड दुरुस्त करायचा, त्याला सगळे बोर्डवाले काका म्हणत. त्यांनी बोर्ड उलटसुलट करून पाहिला. "ही चिप आता कुठेच मिळत नाही गं. नवी घालतो, पण तिचा कंपायलर फक्त सी घेतो. मूळ कोड दे, आजच्या आज चढवतो."

"मूळ कोड गेला, काका."

"मग आहे काय?"

वहिनीने मला उघडून दाखवलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला, आणि लॅपटॉप तिच्याकडे परत सरकवला.

वहिनीही याच धंद्यातली, तिकिटांच्या मशिनचे प्रोग्राम लिहिणारी. तिने मला उलटं सीमध्ये नेणारं एक साधन शोधलं आणि चालवलं. निघालं ते सी होतं खरं, पण कसलं! नावांच्या जागी नुसते व्ही एक, व्ही दोन, थेट व्ही तीनशेपर्यंत. इथून त्या खुणेवर उडी, तिथून या खुणेवर. आईचा चेहरा माझ्यातून काढायचा होता, आणि माझ्याकडे तर नुसती हाडं. वहिनी एकेक व्ही घेऊन विचार करायची, हा दाब असेल का, हा वेळ असेल का, आणि त्याला नाव द्यायची. मध्येच शिट्टी. मग एका हाताने पिशवी, दुसऱ्या हाताने कीबोर्ड. एकदा तर ती माझ्यावरच ओरडली, "सांग ना गं बाई, काय आहे हे! सांग ना!" मला सांगता आलं असतं तर!

एकोणिसाव्या खुणेपाशी ती अडली. व्ही एकेचाळीस जर व्ही अडतीसपेक्षा कमी असेल, तर इथे ये. येऊन काय कर? काही नाही. थांब.

"श्वासाच्या यंत्रात विनाकारण थांबायचं?" काका म्हणाले. "अगं, इथेच बोर्ड अडकत असणार. काढ ते आधी."

"पण त्याने उगाच लिहिलं नसेल हो."

"कशासाठी आहे, सांग बरं. नाही ना सांगता येत? उद्या थांबलं आणि थांबूनच राहिलं तर?"

तेवढ्यात शिट्टी वाजली. पिशवी दाबून वहिनी परत आली. तिने त्या ओळी काढल्या. मी आतल्या आत किंचाळत होते, नको, ते नको! कोणाला ऐकू जाणार?

दुसऱ्या दिवशी नवा बोर्ड बसला. शिट्टी नाही, अडणं नाही. श्वास आत, श्वास बाहेर, अगदी घड्याळासारखा. काकांनी डोळे पुसले. धाकटी हसली आणि म्हणाली, "वहिनी, दादाने..." तेवढ्यात यंत्राने हवा ढकलली. "वहिनी, दादा..." पुन्हा हवा. दोन शब्दांपुढे तिला जाताच येईना.

दोन दिवस ती बोललीच नाही. वहिनीला वाटलं, थकली असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने कागद मागितला आणि वाकड्या अक्षरात लिहिलं, "जुनं यंत्र माझं बोलणं संपू द्यायचं. हे देत नाही."

वहिनीने तो कागद किती वेळा वाचला कोण जाणे. मग धावत येऊन तिने मला उघडलं. बोलताना माणूस हवा हळूहळू सोडतो. व्ही एकेचाळीस म्हणजे बाहेर पडणारी हवा. ती ठरल्यापेक्षा कमी, म्हणजे धाकटी बोलतेय. मग पुढचा श्वास जरा रोखून धर, तिला बोलू दे. किती वेळ, तेही माझ्यात दुसऱ्याच एका खुणेवर होतं, त्यापलीकडे एक क्षणही नाही. त्या आकड्यासाठीच तर पाढे! "आणि मी त्याची लाज काढत होते," असं म्हणून वहिनी टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

संध्याकाळी ते थांबणं जागच्या जागी बसलं. वहिनी स्टुलावर बसली, मांडीवर लॅपटॉप. "म्हण एकोणतीसचा."

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी." पंप थांबून होता. तिचं झालं, मग हवा आली. तेव्हा धाकटी म्हणाली, "वहिनी, पाढ्यांवरून तू दादाला इतकं झापायचीस, पण तो सगळ्यांना सांगायचा की तू असताना घरात कसली काळजी नाही."

तर अशी मी. आता नवा सी कोड आहे, त्याच्या तीन प्रती आहेत, आणि त्या ओळीशेजारी वहिनीची टीप आहे: ती बोलतेय, थांब. माझं काम संपलं. डिस्क भरली की मला खुशाल पुसा. मात्र माझ्यासारखी एखादी पुन्हा कधी हाती लागली आणि तिच्यातलं काही कळलं नाही, तर नाही कळलं म्हणून काढू नका हो. आधी खाटेवरच्या माणसाला विचारा.