डाव्या अंगठ्याचा साक्षात्कार

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल त्या संध्याकाळी खच्चून भरला होता. चपलाबुटांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. लोक श्वाससुद्धा जपून सोडत होते, कारण समोरच्या गादीवर 'अंतर्यामी' डोळे मिटून बसले होते. हे नाव आपल्याला लोकांनीच दिलं, असं ते भेटेल त्याला स्वतःच सांगत.

"तिसऱ्या रांगेत एक मुलगी आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. "मनाचा आजार. कालच नवी गोळी सुरू केलीय."

तिसऱ्या रांगेतली कवळीवाली दचकली. दातांच्या डॉक्टरांकडून येणाऱ्या साच्यांवर कवळ्या बनवणं हा तिचा धंदा. खोटे दात ती हसण्यावरून ओळखायची, त्यामुळे सहजासहजी कुणावर भुलणारी नव्हे. गोळीचं ताईने सांगितलं असेल, असा तिने हिशेब केला. थोरली बहीण अंतर्यामींची जुनी भक्त होती, पुढच्या रांगेत बसायची. त्या हॉलमध्ये मान मिळवायची रीत सोपी होती: जो नवा दुःखी माणूस आणेल, तो एक रांग पुढे सरकेल.

पण पुढचं ऐकून तिचा हिशेब चुकला.

"ती गोळी तुझ्यातल्या बाधेला डिवचणार. छाती धडधडेल. कारण नसताना भीती वाटेल. पाय जागेवर ठरणार नाहीत. तेव्हा माझी आठवण काढ, पोरी."

चारच दिवसांत तिला आठवण काढावी लागली. कामाच्या टेबलाशी बसली की पाय आपोआप हलायचे. मेणात दात बसवताना काळीज गळ्याशी यायचं. ती ताईच्या घरी धावली. "ताई, अगदी ते म्हणाले तस्संच होतंय गं! त्यांना कसं कळलं?"

"म्हणून तर अंतर्यामी म्हणतात त्यांना," ताई म्हणाली. "फेक त्या गोळ्या."

तिने फेकल्या. धडधड ओसरली. हॉलमध्ये जयजयकार झाला, ताई आणखी पुढे सरकली. पण मग जुना अंधार परतला. सकाळी उठवेना. टेबलावर कुणाच्या तरी तोंडाचा साचा आ वासून पडलेला आणि कवळीवालीचे हात मांडीवर तसेच. काम जायची वेळ आली, आणि आपण नसलो तर कुणाचं काय अडेल, हा विचार पुन्हा डोक्यात घिरट्या घालू लागला.

त्या विचाराला घाबरूनच ती मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, पहिल्यांदाच एकटी. गेली ती भांडायलाच.

"तुमच्या औषधाने काय होणार हे त्या माणसाने आधी सांगितलं. तुम्ही का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की," डॉक्टरीणबाई चकित झाल्या. "सुरुवातीला काहींना या गोळीने घाबरल्यासारखं होतं, अस्वस्थ वाटतं. बहुतेकांचं ओसरतं. नाही ओसरलं तर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. मनाने बंद करू नका, लगेच मला कळवा, असं सगळं बजावलं होतं."

"कुणाला?"

"तुमच्या ताईंना. तुम्हाला बाहेर बसायला सांगून." मग डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाल्या, "आपल्याकडे पेशंटला बाहेर पाठवून नातेवाइकांशी बोलायची खोड आहे. आजार तुमचा, गोळी तुमची, तर सांगायला तुम्हालाच हवं होतं. चुकलंच माझं."

दोघींनी मिळून नव्याने ठरवलं: कमी डोस, सावकाश वाढ, आणि काही वाटलं की फोन.

तरी कवळीवालीचं मन मानेना. गोळी सुरू केली एवढं ताईने सांगितलं असेल, पण हे सगळं त्यांच्या कानावर घालून माझ्यापासून लपवेल? शक्य नाही. कदाचित दुसऱ्या कुणाकडून कळलं असेल. खात्री करायला तिने घरी बसून एक थाप तयार केली आणि ती फक्त ताईला सांगितली: "नवीन डोसने माझ्या डाव्या पायाचा अंगठा बर्फासारखा पडणार म्हणे. कुणाला बोलू नकोस हं."

पुढच्या बैठकीला ती जाताना मनातल्या मनात विनवत होती, ताई, एवढ्या वेळी तरी गप्प राहा.

अंतर्यामींनी डोळे मिटले. "पुन्हा गोळी घेतलीस, पोरी! बाधा आता खाली उतरलीय... डाव्या पायात... अंगठ्यात! बर्फ झालाय त्याचा!"

"अहाहा!" हॉल शहारला.

कवळीवालीने दोन्ही मोजे काढले आणि शेजारच्या आजींना म्हणाली, "आजी, जरा हात लावून बघता?"

आजींनी दोन्ही अंगठे चाचपले. "अगं, दोन्ही छान गरम आहेत की!"

"सूक्ष्म थंडी आहे ती," अंतर्यामी घाईने म्हणाले. "स्थूल हाताला लागत नाही."

"सूक्ष्म नाही, खोटी आहे. ती मी स्वयंपाकघरात बसून रचली आणि जगात एकाच माणसाला सांगितली."

पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघेनात. प्रत्येकाने आपापल्या घरातलं काही ना काही त्या गादीपाशी आणून टाकलं होतं. अंतर्यामींना तेवढ्यात अचानक समाधी लागली.

"औषधाने जीव घाबरा होऊ शकतो," कवळीवाली सगळ्यांना म्हणाली. "ती बाधा नव्हे आणि तुमचा दोषही नव्हे. ज्याने गोळी दिली त्याला विचारा, स्वतः समोर बसून विचारा. पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. पण जो डोळे मिटून तुमच्या घरातलं सांगतो, त्याला आधी एवढंच विचारा, की तुला हे कुणी सांगितलं?"

जिन्यात ताईने तिला गाठलं. "तू बरी व्हावीस म्हणूनच केलं गं मी. माझा विश्वास होता."

"असेल," कवळीवाली म्हणाली. "पण धडधडायला लागलं तेव्हा मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होते. मला वेड लागतंय का, असं विचारत होते. हे कशाने होतंय ते तुला ठाऊक होतं, ताई. आणि तू नुसती माझ्या केसांवरून हात फिरवत बसलीस."