पिवळा टाका

"आधी ते बाहेर न्या," फेलिसा म्हणाली आणि अपशकुन टळावा म्हणून तिने टेबलाच्या लाकडाला हात लावला.

टेबलावर पिवळ्याधमक सॅटिनचा तुकडा पडला होता. माद्रिदच्या त्या दुकानात बैलांशी झुंजणाऱ्यांचे जरीचे पोशाख शिवले जात, आणि पिवळा रंग म्हणजे त्यांच्या लेखी काळच. पिवळ्या दोऱ्याचं रीळसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत येत नसे.

मालकीण प्राक्सेदेसबाई शांतपणे म्हणाल्या, "पॅरिसला नाव काढून आलेल्या शिंप्याचं काम आहे. काळ्या मखमलीचा पायघोळ झगा, आणि त्यावर अगदी झुंजीतल्यासारखं आखूड, पिवळं जाकीट. भरतकाम आपल्याच हातचं हवं म्हणतो. रविवारी जहागीरदारीणबाई नाचाला घालणार आहेत."

"आमची नक्षी हवी, आमची भीती नको. हे बरंय," फेलिसा म्हणाली.

"मी करते," कोपऱ्यात भरत बसलेली विसी म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे बघतच राहिल्या. विसीचा एकुलता एक लेक, एलादिओ, त्याच रविवारी रिंगणात उतरणार होता. बैलाच्या अंगावर धावून जाऊन त्याच्या खांद्यात टोकदार रंगीत काठ्या रोवायच्या, हे त्याचं काम. टाळ्या मुख्य झुंजणाऱ्याला, शिंगं ह्याच्या वाट्याला.

"अगं, पोटच्या पोराचा तरी विचार कर," फेलिसा म्हणाली.

"त्याचा बापही रिंगणातलाच, जन्मात पिवळ्याला हात लावला नाही. गेला ना शेवटी न्यूमोनियाने, अंथरुणात?" मग विसी हळू आवाजात म्हणाली, "जन्मभर मी भरते आणि बैल फाडतात. माझा एक तरी कपडा नाचायला जाऊ दे गं."

फेलिसाने पुन्हा लाकडाला हात लावला.

विसीने काम घरी नेलं. लेकाला सांगायची काही छाती झाली नाही. तो आला की पिवळं जाकीट पलंगाखालच्या पेटीत जाई. शनिवारी संध्याकाळी त्याने आपलं जांभळं जाकीट तिच्या पुढ्यात टाकलं. "आई, खांद्याचं अस्तर उसवलंय, जरा टाका घाल." दिवेलागणीच्या अंधूक उजेडात तिने घाईघाईने टाका घातला.

रविवारी तो निघाला तेव्हा ती म्हणाली, "मी चर्चमध्ये असेन. तुझ्यासाठी मेणबत्ती लावते." साफ खोटं. ती गेली शिंप्याच्या दुकानात, जहागीरदारीणबाईंच्या अंगावर शेवटची टीप घालायला.

तिथे तिने सुयांची डबी उघडली आणि एकेक सुई उचलून पाहिली. जांभळ्या दोऱ्याची सुई होती तशीच ओवलेली होती. पिवळा दोरा ओवून ठेवलेली मात्र रिकामी. काल लेकाच्या खांद्यात तिने पिवळा दोरा घातला होता.

"जरा जपून," जहागीरदारीणबाई म्हणाल्या.

"टोचलं का बाईसाहेब?"

"मला नाही. तुम्हालाच टोचलंय."

विसीने बोट तोंडात धरलं. सॅटिनवर रक्त पडायला नको. खाली टेलिफोन वाजला की रिंगणातूनच निरोप आला असं तिला वाटे. देवमाते, हौस माझी होती, त्याचं फळ मला दे, त्याला नको, एवढंच ती मनात घोळवत होती. जाकीट कसं झालंय हेसुद्धा तिने धड पाहिलं नाही.

बाई आतल्या खोलीत आरशासमोर गेल्या आणि मागच्या जिन्यावर पावलं वाजली. दारात एलादिओ. टोपीखालचे केस ओले, बगलेत जाकिटाचं गाठोडं, अंगावर ओरखडासुद्धा नाही. विसी मटकन खाली बसली आणि सुटल्यासारखी रडली.

"इथे कसा आलास? मी तर चर्चमध्ये..."

"आठवडाभर तुझ्या केसांत पिवळे धागे आहेत, आई. चर्चमध्ये कशाला शोधू? पत्ता फेलिसाने दिला."

"आणि तो टाका?"

"कालच पाहिला."

"मग उसवला का नाहीस, मेल्या?"

"तुझा टाका उसवून कोणाकडून घालून घेणार होतो?" तो तिच्याशेजारी बसला. "भीती वाटली. पण ती दर रविवारी वाटतेच."

विसीने डोळे पुसले, गाठोडं सोडलं आणि टाका उसवायला कात्री हातात घेतली. तेवढ्यात जहागीरदारीणबाई बाहेर आल्या. खाली काळी मखमल, वर पिवळ्यावर सोन्याचं भरतकाम. पिवळं दिसलं की झुंजणारे तोंड फिरवतात. एलादिओने टोपी काढली आणि बाई खाली जाऊन गाडीत बसेपर्यंत तो खिडकीतून बघत राहिला.

"नाचेल चांगलं," तो म्हणाला.

विसीने टाका तसाच राहू दिला आणि कात्री परत डबीत ठेवली. लेकाचं जाकीट घडी करून हातावर घेतलं आणि दोघं घरी निघाली.