पैलवानाचा बायोडेटा

"'मदत केली' खोडते हं, बाबा! मदत काय, शेजारीणही करते. जोरदार क्रियापद सांगा," लेक म्हणाली.

बाबा, म्हणजे पैलवान, डोकं खाजवत बसला. त्याने जन्मात आखाडा पाहिला नव्हता, पण अंगापिंडाने रेडा, म्हणून मनोरुग्णालयाने दिलेलं हे नाव. एकोणीस वर्षं तिथे त्याचं एकच काम: रुग्ण खवळला की डॉक्टर सुई टोचेपर्यंत त्याला धरून ठेवायचं. आता ती नोकरी सुटली होती. उद्या अकराला एका खासगी दवाखान्यात तशाच कामासाठी मुलाखत होती, आणि पन्नाशीतल्या माणसाला दुसरं कोण विचारतंय!

"कानाचं सांगा."

"एकाने चावून तोडला. मी त्याच्या जबड्यात अंगठा खुपसून जबडा फाकवला. अर्धा कान त्याच्या तोंडात, अर्धा माझ्याकडे."

"'आणीबाणीची परिस्थिती नियंत्रणात आणली,'" लेकीने टाइप केलं.

"परिस्थिती कसली गं? रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या!"

"रक्त बायोडेटात चालत नाही. पुढचं?"

पुढचं म्हणजे खिडकीच्या फुटक्या काचेचा तुकडा. एका बाईने तो तुकडा नर्सच्या गळ्याला लावला होता आणि पैलवानाने तो नुसत्या मुठीत पकडला. दोन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. लेकीने लिहिलं, 'सहकाऱ्यांचे प्राण वाचवले.' पैलवानाची छाती फुगली. च्यायला, आपण एवढं केलं होतं?

"आता शेवटचं वर्ष. तेच आधी वाचतात."

वॉर्ड बंद पडला, असं त्याने घरी सांगितलं होतं. वॉर्ड कुठला बंद पडतोय!

रुग्णांत एक शिंपी होता, हाडांचा सापळा नुसता. त्या सकाळी त्याने झाडूवालीच्या डोक्यात बादली घातली. पैलवानाने त्याचे हात पिरगाळले, त्याला पालथा पाडला आणि पाठीवर गुडघा रोवला. शिंपी कपाळ फरशीवर आपटत होता. एक दात निखळून घरंगळला. औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाला सापडेना. "श्वास... श्वास," शिंपी म्हणत होता. पैलवानाने आणखी जोर लावला. मग शिंपी शांत झाला. सुटलो बाबा एकदाचे, असं पैलवानाला वाटलं, आणि तरी तो पाच मिनिटं तसाच दाबून बसला. डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचली नाही, नुसती नाडी पाहिली.

"बाबा? काय लिहू?"

"एकाला मारलं."

"वा, हे जोरदार आहे!" ती हसली. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"चौकशीत सगळे सुटलो, माझी नोकरी तेवढी गेली. पण तो सांगत होता गं, श्वास कोंडतोय म्हणून. मला ऐकू येत होतं."

"हे लिहिलं तर दारातूनच हाकलतील," ती हळूच म्हणाली.

"हाकलू देत. तिथेही माणसंच धरायचीत. नाही लिहिलंस तर तोंडाने सांगेन."

लेकीने डोळे पुसले आणि बोटं की-बोर्डवर ठेवली. "नाव काय होतं त्याचं?"

पैलवानाने तोंड उघडलं. शिंप्याची आई फाटकावर डोकं आपटून त्याच नावाने टाहो फोडत होती, तेव्हा तो मागच्या दाराने सटकला होता.

"सतरा नंबर म्हणायचो आम्ही," तो म्हणाला.