नववी घटका अर्धीच राहिली

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर तुम्ही म्हणाल, ही कसली वाटी, हिच्या तर बुडालाच भोक! हसू नका. त्या भोकासाठीच तर माझा जन्म झाला. मी एक जुनी घटका आहे. पाण्यावर सोडली की भोकातून पाणी आत येते, मी हळूहळू भरते आणि बुडते. मला भरायला जेवढा वेळ लागतो त्यालाही घटकाच म्हणतात. तुमच्या घड्याळाची ती चोवीस मिनिटे.

साताऱ्याच्या एका तांबटाने मला घडवले. ठोकून वाटी करायला त्याला एक दिवस लागला आणि भोक पाडायला सहा. सुईच्या टोकाने इवलेसे भोक पाडायचे, एका जाणत्या घटकेशेजारी मला पाण्यात सोडायचे, मी मागे राहिले की भोक केसभर वाढवायचे, असे चालले होते. शेवटी आम्ही दोघी एकदम बुडालो. तांबट म्हणाला, "आता हिच्या भोकाला कुनी हात लावायचा न्हाई." मलकापूरजवळच्या एका खेड्यातले जोशी मला घरी घेऊन गेले. विष्णुपंत हे त्यांचे नातू. माझे बरेवाईट सगळे या विष्णुपंतांच्या हातून झाले.

लग्नाच्या दिवशी सूर्याचे बिंब अर्धे वर आले की पंत मंत्र म्हणून मला घंगाळातल्या पाण्यात सोडत. मी बुडाले की लगेच काढून पुन्हा सोडत आणि भिंतीवर कुंकवाचे एक बोट उठवत. बोटे मोजली की दिवस उगवून किती घटका झाल्या ते कळे. मी भरत असताना पंत कुणाशी बोलत नसत, पाणीसुद्धा पीत नसत. इनामदार असो की त्यांचा गडी, ठरल्या घटका भरल्याशिवाय अंतरपाट हलत नसे. एकदा इनामदारांचे जावई भुकेने कावले आणि जरा लवकर उरका म्हणाले. पंत म्हणाले, "घटकेला भूक कळत नाही." तांब्याच्या अंगावरही मूठभर मांस चढते, हे मला त्या दिवशी समजले.

मग लढाई आली. गावातले निम्मे तरणे गडी पलटणीत गेले. त्रेचाळीस सालच्या वैशाखात ऊसवाल्या नानासोंच्या लेकीचे, हरणाचे लग्न निघाले. नवरा मुलगा पलटणीतला, रजेवर आलेला. हरणाचा भाऊ लालासाहेब, तोही फौजी. पंतांनी मुहूर्त काढला, दिवस उगवल्यापासून अकरा घटकांचा. पण पत्रिका कराडला छापायची होती आणि छापखानेवाल्याला घटका नको होत्या, वाजले किती ते हवे होते. पंतांनी पंचांग पाहून लिहून दिले, सकाळी साडेदहा. आमच्या गावात तोवर घड्याळ नव्हतेच, त्यामुळे त्या आकड्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. भिंतीवर कुंकवाची आठ बोटे उठली आणि मी नवव्यांदा पाण्यावर बसले. अर्धी भरले असेन नसेन, तोच लालासाहेब मांडवातून धावत आला. त्याच्या मनगटावर घड्याळ चकाकत होते.

"पंत, आवं साडेधा वाजलं की! नवरा-नवरी हुबी हायती."

पंत माझ्यावरची नजर न काढता म्हणाले, "अजून अडीच घटका आहेत."

"पत्रिकेत तुमीच छापलंय न्हवं साडेधा? आन् ह्ये घड्याळ कराडच्या टेशनात लावलंय. तुमची वाटी चुकंल, ह्ये चुकायचं न्हाई."

नानासोंचे तोंड उतरले. मुहूर्त टळला तर काय होते याच्या हजार गोष्टी त्यांनी लहानपणापासून ऐकल्या होत्या. ते पंतांपुढे हात जोडून म्हणाले, "पंत, पोरीच्या जल्माचा सवाल हाय. भोक बुजलं आसंल वो तुमच्या घटकंचं!"

पंतांनी वर सूर्याकडे पाहिले, मांडवाच्या मेढीच्या सावलीकडे पाहिले. सावली माझ्याच बाजूने होती. पण पत्रिकेतला आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि घड्याळही तोच आकडा दाखवत होते. दोघे एकीकडे आणि मी दुसरीकडे. त्यांनी मला अर्धी भरलेली तशीच उचलली आणि पाणी ओतून टाकले. असे कधीच झाले नव्हते. मांडवात अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. मी ओली, कोपऱ्यात उपडी पडून होते.

दुपारी घरी आल्याबरोबर पंतांनी दाभण मागितला. उमाकाकू म्हणाल्या, "अहो, त्या भोकाला हात लावू नये म्हणतात ना?"

"विहिरीच्या पाण्याचा क्षार बसलाय. बुजलंय ते. आज माझी शोभा झाली," असे म्हणून त्यांनी दाभण भोकात घालून गरगर फिरवला. मित्रांनो, मला दुखले की नाही ते सांगत नाही. पण मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते, की पंत, मी बरोबर होते!

चार दिवसांनी ते मला फडक्यात बांधून कराडच्या टपाल कचेरीत घेऊन गेले. तिथे भिंतीवर मोठे घड्याळ होते. पंतांनी ओसरीवर पाण्याचे भांडे मांडले आणि मला सोडले. मी सतराव्या मिनिटाला बुडाले. त्यांनी पुन्हा सोडले. पुन्हा सतरा. पंत घाम पुसत म्हणाले, "तुमचं घड्याळ तरी बरोबर आहे ना?"

पोस्टमास्तर हसले. "सरकारी आहे, बरोबर असायलाच हवं. मात्र तासभर पुढे आहे बरं का! गेल्या पावसाळ्यात हुकूम आला. लढाईसाठी हिंदुस्थानातली सगळी घड्याळं एक तास पुढे केलीत. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

पंतांनी बोटांवर हिशोब केला. पंचांग जुन्या वेळेचे, घड्याळ नव्या वेळेचे. म्हणजे हरणाचे लग्न मुहूर्ताच्या तासभर आधीच लागले होते. माझी तर बुद्धीच चालेना. दिवस सूर्य उगवला की सुरू होतो, एवढेच मला ठाऊक होते. कुठेतरी दूर एक कागद निघतो आणि सगळ्यांचा दिवस पुढे सरकतो, हे मला त्या ओसरीवर कळले. त्या जगात माझे काही काम उरले नव्हते. आणि आता तर मी खरोखरच चुकत होते.

पंतांनी गावात अवाक्षर काढले नाही. काढले असते तर पुढे हरणाला ठेच जरी लागली असती, तरी लोकांनी बोट मुहूर्ताकडेच दाखवले असते. म्हणून पंतांची घटका बिघडली, हे गावाचे बोलणे त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले. लोक त्यांना मंत्र म्हणायला बोलवत. वेळ मात्र घड्याळवाला सांगे.

दुसऱ्याच वर्षी हरणाचा नवरा ब्रह्मदेशात पडला. तार आली त्या दिवशी पंत जेवले नाहीत.

लढाई संपली. पंचेचाळीस साली दिवाळीच्या तोंडावर लालासाहेब घरी आला आणि थेट पंतांच्या ओसरीवर येऊन बसला. मग म्हणाला, "पंत, सरकारनं घड्याळ तासभर मागं घेतलं. मला आत्ता उमगलं. हरणाच्या लग्नात घड्याळ पुढं हुतं. म्या घाई केली. म्या माझ्या भनीचं कुक्कू पुसलं का वो?"

पंत उठले. त्यांनी घंगाळात पाणी घेतले आणि कितीतरी दिवसांनी मला त्यात सोडले. "हुकूम मला ठाऊक होता रे," ते म्हणाले. "पत्रिकेत मी नवी वेळच घातली होती. तुझं घड्याळ बरोबर होतं. बुजली होती ती ही घटका. नंतर मी भोक मोठं केलं. बघ, अजून धड चालत नाही."

मी भरभर भरले आणि बुडाले. लालासाहेब माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने पंतांच्या पायांवर डोके ठेवले आणि लहान मुलासारखा रडला. त्याचा जीव हलका झाला. माझा नाही झाला. जन्मभर मी एकच काम केले होते, खरी वेळ सांगायचे. त्या दिवशी पंतांनी माझी खोटी साक्ष काढली, आणि ती मी दिली.

आता पंत नाहीत. उमाकाकूंनी मला फडताळात ठेवले आहे. मित्रांनो, कुणी सगळ्यांपेक्षा वेगळे सांगू लागले तर त्याच्यावर दाभण चालवण्याआधी चार दिवस थांबा. पंत चार दिवस थांबले असते तर मी आजही कामाची असते. आणि कधी मी तुमच्या हाती लागलेच, तर मला चिंचेने घासा, माझ्यातून तुळशीला पाणी घाला. वेळ तेवढी मला विचारू नका.