मामांनी वेचलेल्या अळ्या

मित्रांनो, मी एक जुनी एक्स-रेची फिल्म आहे. दवाखान्यात जन्मले तेव्हा माझ्या अंगावर एका मोडलेल्या मनगटाचं चित्र होतं. ते मनगट जंगलाच्या कडेच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या माळ्याचं. सगळे त्यांना मामा म्हणत. मनगट सांधलं तरी मामांनी मला टाकलं नाही, घरात खिळ्याला अडकवून ठेवलं. “लोक लग्नाचा फोटो लावतात, आमच्याकडे हाडं टांगलीत,” असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

एक दिवस मामांनी मला खाली उतरवलं. रोपवाटिकेला लागून असलेल्या संशोधन केंद्रात एक नव्या बाई आल्या होत्या, त्यांना पारदर्शक ताव हवा होता. मामांनी सोड्याच्या गरम पाण्यात घासून माझं चित्र काढून टाकलं. मी आरपार झाले. मग बाईंनी पट्टी धरून सुईने माझ्यावर बारीक चौकोन कोरले आणि रेघांत शाई भरली. दुपारभर त्यांनी मान वर केली नाही. रेघ ओढताना त्या श्वास रोखून धरत.

माझं काम सोपं होतं. रोपाचं पान न तोडता मला त्याच्यावर ठेवायचं आणि किती चौकोनांतलं पान किड्यांनी खाल्लं आहे ते मोजायचं. घनदाट जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत बाईंनी वाफे आखले होते. निम्म्या वाफ्यांतल्या मातीत नत्र, स्फुरद, पालाश असं खत घातलं होतं. निम्म्यांत काही नाही. रोपं सगळी मामांची. कठीण कवचाच्या बिया भिजवून, दोन वर्षं पाणी घालून त्यांनी ती वाढवली होती. बाईंना जाणून घ्यायचं होतं की मातीतलं खाणं वाढलं तर पान खाणारे किडे वाढतात की घटतात.

पहिल्या तीन महिन्यांत उत्तर दिसू लागलं. खताच्या वाफ्यातली पानं गडद, मऊ, रसरशीत झाली होती. सावलीत ऊन नसल्याने रोपं काही उंच होत नव्हती, नुसती चविष्ट झाली होती. अळ्या तिथेच जमत. बिनखताच्या पानावर शंभरातले पाच चौकोन रिकामे असले तर खताच्या पानावर अठरा-वीस असत. मामा मला पानावर धरत आणि आकडा सांगताना त्यांचा आवाज खाली जाई. “खाऊ घातलं तेच मुळावर आलं,” असं ते एकदा पुटपुटले. बाईंनी ऐकलं नाही, त्या लिहीत होत्या.

चौथ्या महिन्यापासून मामा बाईंच्या दोन तास आधी जंगलात जाऊ लागले. मी त्यांच्या पिशवीतच असे, म्हणून मला ठाऊक आहे. ते खताच्या वाफ्यात उकिडवे बसत, एकेक पान उलटून अळ्या वेचत, डब्यात भरत आणि ओढ्यापलीकडे झाडून येत. बिनखताच्या वाफ्यांकडे ते फिरकतही नसत. तिथली रोपं आपली आपण तग धरून होती. माया नेहमी जास्त दुखणाऱ्याकडे जाते. मग बाई येत आणि आम्ही मोजायला लागत असू.

आकडे उतरले. बाई चक्रावल्या, दोनदा-तीनदा मोजलं, पण मी जे दिसतं तेच दाखवते. वर्षाअखेर त्यांनी लिहिलं की खत घातलेली रोपं सुरुवातीला खाल्ली जातात, पण पुढे सावरतात. केंद्राच्या साहेबांना हेच हवं होतं. पलीकडच्या उतारावर मोठी झाडं तोडून जंगल विरळ झालं होतं. उरलेल्यांच्या सावलीत तिथे वीस हजार रोपं लावायची होती. प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर खत पडलं.

वीस हजार रोपांवरच्या अळ्या एका माणसाला वेचता येत नाहीत. मामांनी प्रयत्न केला. पहाटेपासून डबा घेऊन ते उतारावर फिरत. दोन महिन्यांत उतारावर देठ आणि शिरा उरल्या. नवी पालवी फुटली की तीही जाई. एक दिवस मामा डबा तसाच घेऊन बाईंच्या खोलीत आले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

बाईंनी डबा उघडून पाहिला.

“फक्त खताच्याच वाफ्यात?”

“हो. खाल्लेली बघवत नव्हती.”

“मामा,” बाई म्हणाल्या, “ती रोपं मला वाचवायची नव्हती हो. ती कशी मरतात ते बघायचं होतं. म्हणजे ही वीस हजार वाचली असती.”

मामांनी डब्याचं झाकण लावलं. त्या दोघांपैकी कोण आधी उठलं ते आता मला आठवत नाही.

बाईंनी साहेबांना पत्र लिहिलं, “माझा निष्कर्ष चुकला.” मामांचा उल्लेख केला नाही, “देखरेख माझी होती” एवढंच लिहिलं. वाफे बंद झाले आणि बाईंची नेमणूकही संपली. त्या गेल्यावर मामा मला घेऊन उतारावर गेले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी उरलेलं एकेक पान मोजत राहिले. आकडे वहीत उतरवले, पण ती वही कोणाला द्यायची ते त्यांना कळलं नाही. निवृत्त होताना ती त्यांनी रोपवाटिकेतल्या मांडणीवर ठेवली आणि गेले. पुढे ती पावसाने भिजली.

मित्रांनो, जीव लावाच. पण ज्याला जीव लावाल त्याचं दुखणं झाकू नका. जे हाताने केलंत ते त्याच दिवशी सांगा, ओशाळं वाटलं तरी सांगा. “आज अळ्या वेचल्या” एवढी एक ओळ वहीत असती तर बाईंनी ती धरून आकडे लावले असते.

आता मी रोपवाटिकेच्या खिडकीत आहे. काच फुटली, म्हणून चार खिळे मारून मला बसवलं. माझ्यातून तो उतार दिसतो, मोठ्या झाडांखाली करडा आणि उघडा. नवा माळी मनाने चांगला आहे. यंदा तिथे पुन्हा रोपं जायची आहेत. काल तो माझ्यासमोर उभा राहून खताचं पोतं सोडत होता. बाईंचं पत्र त्याला कोणी दाखवलेलं नाही, आणि खिडकीच्या काचेला कोणी काही विचारत नाही.