तिसऱ्या राउंडनंतरचं स्टूल

मी बोलतोय, रिंगच्या कोपऱ्यातलं स्टूल. राउंड संपल्याची घंटा झाली की मला उचलून आत ठेवतात. दमलेला बॉक्सर माझ्यावर धपकन बसतो. मिनिटभराने तो उठतो आणि मी पुन्हा बाहेर. माझ्यावर आजवर कुणी आरामात बसलेलं नाही. तरी माझी तक्रार नाही. त्या एका मिनिटात माणूस खोटं बोलू शकत नाही, निदान माझ्याशी तरी नाही.

माझा जन्म कझाकस्तानातला, कारागांडा या कोळशाच्या खाणींच्या शहरातला. तिथल्या क्रीडाशाळेच्या सुताराने मला बर्चच्या लाकडातून घडवलं. बाहेर बर्फ, आत घामाचा वास, आणि मधोमध आमचे कोच सेरिक. मुलं त्यांना सेरिक-आगा म्हणत. आगा म्हणजे थोरला भाऊ, पण ओरडायचे मात्र ते सासऱ्यासारखे.

तिथली मुलं लहानपणापासून हौशी बॉक्सिंग शिकतात. हौशी लढत तीन राउंडची. तेवढ्यात सगळं ओतायचं आणि शेवटची घंटा झाली की दोन्ही हात वर करायचे. पदक आणणाऱ्याला माझ्या देशात फार मान आहे. पण तोच मुलगा व्यावसायिक झाला की त्याच्यासाठी घरचं दार जणू लहान होतं. एखादा पैसेवाला दोन-चार शो भरवतो, भिंतींवर पोस्टरं लागतात, मग त्याचं मन दुसरीकडे वळतं. मागे राहिलेला बॉक्सर परक्या गावी जाऊन परक्यांच्या लाडक्याकडून हरतो. इतके चांगले बॉक्सर घडवणाऱ्या देशाने आपल्या व्यावसायिकांना असं भाड्याने का पाठवावं? मला हे मान्य नाही. लाकूड असलो तरी मान्य नाही.

आमचाही पैसेवाला असाच गेला. सेरिक-आगांना ओमानमध्ये, मस्कतच्या बौशर भागातल्या एका जिममध्ये नोकरी मिळाली. ते मला घोंगडीत गुंडाळून घेऊन आले. पाठोपाठ त्यांचा लाडका शिष्य, नुकताच व्यावसायिक झालेला दाउरेन आला. दिवसा तो जिममध्ये लोकांची पोटं कमी करायचा आणि संध्याकाळी स्वतःचा सराव.

एके दुपारी दाउरेन वजन उतरवायला जाड जॅकेट घालून, भर उन्हात बंद गाडीत बसला. शेजारच्या क्लिनिकमधून एक मुलगी धावत आली, दार उघडून तिने त्याला कॉलरला धरून बाहेर काढलं आणि अस्खलित रशियनमध्ये झापलं. सेरिक-आगांच्या हातातला चहा सांडला.

ती डॉक्टर कॅन्डिस. घर वसईचं, बालपण मस्कतचं, डॉक्टरकी अल्माटीची. सहा वर्षं कझाकस्तानात शिकून नुकतीच आईवडिलांकडे परतलेली. जग सुधारण्याची घाई तिच्या चालण्यातही दिसायची.

लवकरच नुमान आला. हा लढती जुळवणारा माणूस. एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये आठ राउंडची लढत होती. त्याने दाउरेनच्या पाठीवर थाप मारली. "देख पहलवान, जीत गया तो तेरे गाँव में शो करूँगा, पक्का. हार गया तो भी काम है. बाहर मार खानेवाले आदमी हमेशा लगते हैं."

दाउरेन हसला नाही. त्याच्या आईने त्याला व्यावसायिक लढत देताना अजून पाहिलं नव्हतं. त्याला घरी लढायचं होतं, एवढंच.

डॉक्टर म्हणून आयोजकांनी कॅन्डिसलाच बोलावलं. तिचे वडील क्लेमेंट त्याच हॉटेलात कामाला. ते हळूच म्हणाले, "बाय, त्यांची मारामारी, तुला काय करायचंय? बी.पी. बघ आणि गप बस."

"डॅडी, गप बसायला सहा वर्षं शिकले काय मी?"

लढत सुरू झाली. दाउरेनने पहिले तीन राउंड असे मारले की हॉल उठून उभा राहिला. तिसऱ्याची घंटा झाली आणि त्याने दोन्ही हात वर केले. लहानपणापासूनची सवय! त्याच्या शरीराला वाटलं, संपलं. हॉल हसला. नुमान ओरडला, "अरे भाई, अभी खलास नहीं हुआ, पाँच बाकी हैं!"

तो माझ्यावर येऊन बसला तेव्हा मला कळलं. आत काहीच उरलं नव्हतं. त्याने सगळं तीन राउंडमध्येच ओतलं होतं, आम्हीच शिकवलं होतं तसं.

पुढचे दोन राउंड मी सांगणार नाही. पाचव्यानंतर तो माझ्यावर बसला तो तिरका. सेरिक-आगा कानात ओरडत होते, "ऊठ, घर जवळ आलंय!" कॅन्डिस दोरांतून वाकून आत आली. तिने त्याच्या डोळ्यांत टॉर्च धरला आणि शांतपणे विचारलं, "दाउरेन, तू कुठे आहेस?"

तो हसला. "कारागांडात."

तिने रेफ्रीकडे पाहून दोन्ही हात आडवे हलवले. लढत थांबली.

"तू त्याचं घर हिसकावलंस!" सेरिक-आगा तिच्यावर गरजले.

ती जागची हलली नाही. "आगा, तो घरी जाईल. पण स्वतःच्या पायांवर."

दवाखान्यात तपासण्या झाल्या. डोक्याला मार होता, पण लढत वेळेत थांबवल्यामुळे तो बचावला. नुमान फळं घेऊन भेटायला आला आणि बोलता बोलता परदेशातली एक लढत पुढे केली. दाउरेन सेरिक-आगांकडे पाहत राहिला. आगा म्हणाले, "नुमानभाई, माझा मुलगा भाड्याने मिळत नाही. आणि तीन राउंडांचा बॉक्सर तर तुम्हाला आता मिळणारच नाही."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सराव पुन्हा सुरू झाला. आता तिसऱ्या राउंडनंतर हात वर करायला बंदी. दाउरेनने स्वतः मला उचलून आणायचं, बसायचं, नाकाने श्वास घ्यायचा. हळूहळू आठव्या राउंडपर्यंत त्याचा भार माझ्यावर सरळ पडू लागला. तिकडे कारागांडात सेरिक-आगांचे जुने विद्यार्थी हलले. कुणी खाणीत कामाला, कुणाची बेकरी. कुणा पैसेवाल्याची वाट न पाहता त्यांनी क्रीडाशाळेच्या हॉलमध्येच शो ठरवला. डॉक्टर मात्र कॅन्डिसच हवी, असा हट्ट आगांचा.

आज मी मस्कतच्या विमानतळावर, त्याच घोंगडीत आहे. क्लेमेंट सोडायला आलेत. "बाय, स्वेटर घेतलास ना?" तिसऱ्यांदा विचारून झालंय. बाजूला दाउरेन आईला फोनवर सांगतोय, पुढच्या रांगेत बस, पण डोळे झाकू नकोस.

तो जिंकेल का, मला माहीत नाही. पण माझ्या देशाच्या बॉक्सिंगचं भविष्य परक्यांच्या पोस्टरांवर नाही, हे मला माहीत आहे. ते अशाच लहान हॉलांमध्ये घडेल. तुम्हीही कुणाच्या कोपऱ्यात उभे असाल तर एक करा. त्याला "ऊठ" म्हणण्याआधी त्याच्या डोळ्यांत बघा.

आता निघतो. पाचव्या राउंडनंतर कॅन्डिस वाकेल आणि तोच प्रश्न विचारेल. मला तेच उत्तर ऐकायचं आहे. या वेळी ते बरोबर असेल.