चार पायांची सून

मी बाजारातून तट्टू घेऊन आले तेव्हा घरात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोरला मुलगा म्हणाला, "आई, आपण टेंपोचं बोलत होतो."

"तुम्ही बोलत होतात. मी घेऊन आले."

आमचा धंदा वेताच्या खुर्च्या विणायचा. विणतात सगळे, डोकं माझं चालतं. माल पोचवायला आजवर भाड्याची गाडी यायची, आणि तो गाडीवाला खुर्च्या अशा भिरकावायचा, जसं काही त्यांनी त्याचं घर बुडवलंय. म्हणून तट्टू.

तट्टू मादी होती. करडा रंग, गोल पोट, आखूड पाय, डोळ्यांवर झिपऱ्या. "आईने तिसरी सून आणली," असं धाकटा मुलगा म्हणाला, आणि तिसरी हेच तिचं नाव पडलं.

पहिल्याच दिवशी तिसरीने वेत भिजत घातलेल्या टबातलं पाणी पिऊन टाकलं, एका तयार खुर्चीची बैठक कुरतडली आणि थोरल्याच्या ढुंगणाला चावली. चावण्याबद्दल मी तिला बोलले नाही. तो उभाच तसा होता. पण तिच्याबरोबरच घेतलेल्या गाडीला जुंपलं की बाईसाहेब चारही पाय पुरल्यासारख्या गप्प उभ्या. ओढा, ढकला, गाजर दाखवा. गाजर खायची आणि परत उभी राहायची.

थोरल्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "शनिवारी सभागृहाच्या चोवीस खुर्च्या जायच्यात. हिने दहाच्या आत पोचवल्या तर ही राहील. नाही तर ही परत, टेंपो घरात, आणि खरेदीच्या बाबतीत तू पुन्हा मधे बोलायचं नाहीस."

मी मधे बोलायचं नाही! मग या घरात बोलणार कोण, खुर्च्या?

मला तशी काळजी नव्हती. दोन सुना वळणावर आणलेली बाई मी. पहिला आठवडाभर नव्या माणसाशी हसायचं नाही, त्याच्या कामाला चांगलं म्हणायचं नाही, आणि खुर्ची टाकून सतत त्याच्या समोर बसायचं. दोघी कशा सुतासारख्या सरळ आल्या! तिसरीसमोरही मी मागच्या पडवीत तीन दिवस बसले, डोळ्यांत डोळे घालून. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे पाठ केली आणि शेपूट उचललं. पुढचं लिहीत नाही. चपला दोनदा धुवाव्या लागल्या.

गुरुवारी दुपारी विसरलेला चष्मा आणायला परत मागे गेले, तर पडवीतून माझाच आवाज आला. मी इथे, आवाज तिथे! डोकावले. थोरली सून कमरेवर हात ठेवून, हनुवटी वर करून तिसरीला सांगत होती, "ही काय वीण म्हणायची? यातून म्हैस खाली पडेल, म्हैस!"

हे माझं वाक्य. हनुवटीही माझीच.

धाकटी सून उलट्या बादलीवर बसून हसत होती. "वहिनी, चहाचं सांगा ना तिला."

"ऐक हं तिसरे. अख्खा कप संपवायचा, तळाला पावडरसुद्धा ठेवायची नाही, आणि मग विचारायचं, 'कोणी केला होता गं? पिववेना.'"

आणि तिसरी? खालचा ओठ लोंबता सोडून, थोरलीच्या खांद्यावर मान टाकून ऐकत होती. धाकटीने उठून तिला पट्टे चढवले, आणि थोरली बोलत बोलत पुढे सरकली तशी तिसरी मागोमाग चाललीही.

"मलाही तुम्हीच तारलंत," धाकटी म्हणाली. "पहिल्या आठवड्यात मी बॅग भरली होती. तुम्ही वेताच्या भाऱ्यामागे नेऊन आईंची नक्कल केलीत, म्हणून राहिले."

म्हणजे माझा तो आठवडा? मी चष्मा न घेताच फिरले. संध्याकाळी चहा प्यायले आणि काहीच म्हणाले नाही. दोघी घाबरल्या.

शनिवारी खुर्च्या बांधल्या, सुनांनी तिसरीला जुंपलं, गाडीवर मी बसले. दोघी दोन्ही बाजूंनी चालत होत्या. गल्ली पार पडली. मोठ्या रस्त्यावर शिंप्याच्या दुकानासमोर तिसरी थांबली ती थांबलीच. साडेनऊ झालेले. मागे हॉर्न वाजायला लागले. शिंपी गळ्यात टेप घालून मजा बघायला बाहेर आला.

"माझी नक्कल करा," मी म्हटलं.

थोरलीचा चेहरा पांढरा पडला. "कसली नक्कल, आई?"

"गुरुवारी करत होतीस ती. धाकटे, तू तरी मला नावं ठेव. पटकन."

"तुम्ही… कधीकधी… फार काळजी करता आमची."

तिसरीने फुर्रकन नाक शिंकरलं. एवढ्या पाणचट निंदेवर कोण चालेल?

साडेनऊचे पावणेदहा झाले. सासूबाईंबद्दल मी चाळीस वर्षांत वाकडा शब्द काढला नव्हता. पण टेंपो डोळ्यांसमोर आला आणि मी पुढे वाकले.

"तिसरे, माझी सासू साखरेचा डबा कुशीत घेऊन झोपायची."

एक कान मागे वळला.

"सकाळी साखरेवर बोटाने रेघ ओढून ठेवायची, चोरी कळावी म्हणून. मी चमचाभर खायची आणि हुबेहूब तशीच रेघ ओढायची."

एक पाय उचलला.

"माझ्या पहिल्या खुर्चीवर ती धपकन बसली. खुर्ची मोडली. म्हणते, वीण कच्ची आहे! अगं बाई, बसणारी केवढी होती ते बघ ना!"

तिसरी दुडक्या चालीने निघाली. सुना पदर सावरत बाजूने पळायला लागल्या.

"मग, आई? मग काय झालं?"

"तिला खुर्चीतून काढायला शेजारचा सुतार बोलवावा लागला!"

दहाला पाच कमी असताना आम्ही सभागृहाच्या दारात होतो. घड्याळ बघत उभ्या असलेल्या थोरल्याला दिसलं ते असं, की आई बोलतेय, बायको आणि भावजय डोळे पुसत हसताहेत आणि तट्टू घामाघूम. त्याने मुकाट्याने चोवीस खुर्च्या उतरवल्या. मग ऐटीत माझ्या शेजारी चढला, लगाम हातात घेतला आणि म्हणाला, "चल गं!"

तिसरी हलली नाही. आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

"काय हवंय हिला?"

"तू उतर. तू इथे असलास तर आम्हाला बोलता येत नाही."

थोरला घरापर्यंत वीस पावलं मागून चालत आला. दोनदा जवळ यायला बघितलं, दोन्ही वेळा तिसरी थांबली. कारण विषय आता त्याच्यावर आला होता, आणि सांगण्यासारखं तिघींकडेही भरपूर होतं.